कास्तेराच्या तळघरातले सतरा बुधले

मी, फिर्मां लाबातू, वय ७४ वर्षे, धंदा पूर्वी फिरती भट्टी, सध्या काही नाही, राहणार मौजे लापेराद, जिल्हा झेर, आज दिनांक ५ नोव्हेंबर १९८७ रोजी सकाळी दहा वाजता ठाण्यात आपण होऊन हजर झालो असून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी एकटाच राहतो. बायको सहा वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. सेहेचाळीस हिवाळे मी माझी भट्टी आधी बैलांनी आणि मग ट्रॅक्टरने ओढत शेतोशेत नेली आणि लोकांच्या वाइनची आर्मान्याक, म्हणजे आमच्याकडची ब्रँडी, पाडून दिली. मजुरीत कधी पैसे घेतले, कधी दारू घेतली. घेतलेली दारू माझ्या पिंपांत मुरत ठेवली.

मयत ओदिलों कास्तेरा, वय ७९, जुन्या ब्रँडीचा दलाल, याला मी लहानपणापासून ओळखतो. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत होतो. त्याला संग्रहाचा नाद होता. पंचक्रोशीत एखाद्या घराचा शेवटचा पुरुष गेला, की प्रेत घरात असतानाच हा दारात उभा. म्हणायचा, “तुमच्याकडची सगळ्यात जुनी एक बुधलाभर द्या, मागाल ते देतो.” लोक त्याला गिधाड म्हणत. मीही म्हणालेलो आहे. अशी अठ्ठावन्न बुडालेली घरं त्याने तळघरात काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून ठेवली होती. काचेत गेली की दारूचं वय थांबतं, त्यामुळे ती त्या घराची त्या सालची तशीच राहते. एकाही बुधल्यावर चिठ्ठी नव्हती. कुठली कोणाची, हे त्याच्या नाकाला ठाऊक होतं. तेवढंच पुरे, असं तो म्हणे.

माझं आणि त्याचं वैर होतं का, असं जमादारांनी विचारलं. वैर नव्हतं. दर वर्षी मी त्याला माझ्या पिंपातली एक लहान बाटली नेऊन देत असे. तो बूच काढायचा, हुंगल्यासारखं करायचा आणि बाटली फरशीवर उपडी करायचा. “पाय चोळायला बरी आहे, फिर्मां.” हे गावभर झालं. बाजारात बायका माझ्या बायकोला विचारायच्या, “काय गं, गुडघे दुखतायत, आहे का तुझ्या नवऱ्याची?” तिने बाजाराला जाणंच सोडलं. चाळीस वर्षांत त्याने माझी दारू ओळखू येईल इतका वेळही नाकाशी धरली नाही. ह्याला वैर म्हणत असाल तर लिहा.

मयताचा मुलगा रेजीस याने गेल्या दोन वर्षांत माझ्याकडून १९५२ ची बुधलाभर दारू आणि इतरांकडून बाकीचा माल नेला. नेताना म्हणाला, “फिर्मांकाका, बाबांच्या कानावर घालू नका.” कशाला नेतोस, असं मी विचारलं नाही. तळघराची दुसरी किल्ली त्याने करून घेतली आहे हे मला माहीत होतं. परदेशी नंबरची गाडी त्यांच्या मागच्या दाराशी मी दोनदा पाहिली. मी मूर्ख नाही.

रविवार, १ नोव्हेंबर, सर्व संतांच्या सणाला दुपारी मयताच्या घरी आम्ही अकरा जण जेवायला होतो. त्या दिवशी तो दर वर्षी एक बुधला उघडून प्रत्येकाला अंगठाभर देई आणि ती कोणाच्या घरची, ते घर कसं बुडालं, ते सांगे. कब्रस्तानातून आलं की हे व्हायचंच. बदक आणि घेवडा झाल्यावर त्याने पेरूसांच्या घरची १८९३ ची आणली. पेरूसांचे तिन्ही मुलगे पहिल्या महायुद्धात गेले होते. त्याने पेला नाकाला लावला, खाली ठेवला, परत लावला. म्हणाला, “ही ती नाही. ही वयाने लहान आहे.”

रेजीसचा चेहरा पांढरा पडला. सून कोलेत म्हणाली, “बाबा, वय झालं आता. परवा दूध नासलेलं तरी कळलं का तुम्हाला?” दूध नासलं नव्हतं, हे तिनेच मला काल रडत सांगितलं. मग रेजीस म्हणाला, “फिर्मांकाका आहेत ना समोर. त्यांनाच विचारा. तुमच्यानंतर नाक आहे ते त्यांचंच.”

माझ्यासमोर पेला होता. मी वास घेतला. ती माझी होती, १९५२ ची. आपला कुत्रा अंधारात भुंकला तरी आपल्याला कळतो, तशी कळली. सगळे माझ्याकडे बघत होते. ओदिलोंही बघत होता. जन्मात पहिल्यांदा तो माझ्या तोंडाकडे आशेने बघत होता. मी म्हणालो, “त्र्याण्णवचीच आहे की. पेरूसांची. अरे ओदिलों, तुझं संपलं बाबा. उद्यापासून ह्याला सरबत देत जा गं, कोलेत.”

सगळे हसले. मीही हसलो. मयत हसला नाही. त्याने पेल्यातली दारू पिऊन टाकली आणि रिकामा पेला रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला.

सोमवार, २ नोव्हेंबर, सकाळी नऊच्या सुमारास तो माझ्या घरी आला. अडीच किलोमीटर चालत आला, गाडी आणली नाही. काठी दाराबाहेर ठेवली आणि टोपी काढली. माझ्या घरात त्याने याआधी कधी टोपी काढली नव्हती. रुमालातून पेला काढून म्हणाला, “त्र्याण्णवचा वास रिकाम्या पेल्यात तिसऱ्या दिवसापर्यंत राहतो, हे तुलाही ठाऊक आहे. मला यात काही लागत नाही. काल लोक होते. आता आपण दोघंच आहोत. खरं सांग, फिर्मां, पेला मेला की मी?”

मी पेला नाकाशी धरला. आत ओल्या लाकडाचा पुसट वास होता, बाकी काही नव्हतं. मी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणालो, “अरे, घमघमाट सुटलाय. माझं स्वयंपाकघर भरून गेलं. तुला खरंच येत नाही?”

तो म्हणाला, “नाही येत.” मी त्याला कॉफी विचारली. नको म्हणाला. पेला माझ्या टेबलावर विसरून गेला. मी त्याच्यामागे हाक मारली नाही. हे मी का केलं, असं जमादार तिसऱ्यांदा विचारत आहेत. मला बरं वाटलं म्हणून केलं. दुपारपर्यंत बरं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी कोलेतने आरडाओरडा केला म्हणून शेजारी गेले. तो तळघरात स्टुलावर भिंतीला टेकून बसलेला होता, थंडगार. आतून कडी होती, ती रेजीसने पहारीने काढली. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न बुधल्यांची बुचं काढून शेजारी ओळीने ठेवलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, थंडी होती आणि प्रत्येकातला घोट घोट पोटात होता. एरवी तो नुसता वास घ्यायचा, गिळायचा नाही. त्याच दिवशी रेजीसने आपल्यासमोर कबूल केलं की त्याने सतरा बुधल्यांतला माल विकून दुसरा भरला. कुठले सतरा ते त्यालाच आठवत नव्हतं. भरताना त्याने रांगा हलवल्या होत्या.

म्हणून काल, ४ नोव्हेंबरला, दुपारी दोन ते सहा आपण मला तळघरात नेलंत, कारण आता जिल्ह्याच्या या टोकाला दुसरं नाक उरलेलं नाही. मयताने काही बुधल्यांवर खडूने फुल्या मारल्या होत्या. त्याला ओळखू न आलेल्यांवर त्या आहेत, असं मला वाटतं. मी फुल्यांकडे पाठ करून एकेक पेला मागून घेतला. अठ्ठावन्नही हुंगले. खोटे सतरा निघाले. मग वळून पाहिलं. फुल्याही सतराच होत्या आणि त्याच बुधल्यांवर होत्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. खऱ्या एक्केचाळीसपैकी एकावरही फुली नव्हती.

सतरापैकी सोळांवर नुसती फुली आहे. खिडकीखालच्या एकावर, रविवारी उघडलेल्या त्या पेरूसांच्याच बुधल्यावर, फुलीच्या खाली अक्षरं आहेत. वेडीवाकडी आहेत, पण वाचता येतात: “कोणाची ते आठवत नाही. पाडणाऱ्याचा हात फार चांगला.” हा बुधला कोणाचा म्हणून नोंदवू, असं जमादारांनी विचारलं. माझा म्हणून नोंदवा.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. “मीही हसलो” हे काढायचं का, असं विचारलं, मी नको म्हणालो. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. खाली सही करतो.

फिर्मां लाबातू