बिल्ल्याची पहिली दोन अक्षरं

अण्णा, ताईंच्या आई, आणि जमलेल्या समद्या मंडळींनो,

हे दोन शब्द मी लिहून आणायचे ठरले होते. मी टाळत राहिलो. काल कागद घेऊन बसलो आणि उठून माजलगावला गेलो, धरणाचा तळ बघून आलो. काम काही नव्हतं. आता या चारा छावणीच्या मांडवात ताईंच्या शोकसभेला बोलायला उभा राहिलो तर नजर गेटाकडं जातेय. शोभाताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "एका जागी बस की रे, भिंगरी हाईस का?"

ताई आपल्या दूध संस्थेचा कॉम्प्युटर सांभाळायच्या. मी नववीतून सुटलेला, गावोगाव हिंडणारा. संस्थेचा पंखा दुरुस्त करायला आलो आणि राहिलो. ताईंनी मला शिकवायला घेतलं. म्हणाल्या, "ज्या गावांच्या नावांत 'गाव' हाय ती शोधून काढ." माजलगाव आलं, गावंदराही आलं. "आता शेवटी 'गाव' असलेली." गावंदरा गळालं. "आता सुरुवातीला." माजलगाव गळालं. "बघ," म्हणाल्या, "आपण इचारलं तेवढंच ते बघतंय. काय इचारायचं ते आपल्यावर हाय." मला लई मजा वाटली. दिवसभर ओळखीची नावं घालत बसलो, कोण रावनं संपतो, कोण बाईनं. असो. भरकटलो.

मग पाणी आटलं आणि संस्थेनं छावणी उघडली. जनावराच्या कानात बिल्ला. त्यावर आधी ज्या त्या संस्थेची दोन अक्षरं, मग आकडे, शेवटी ग नाहीतर म. ग म्हणजे गाय, म म्हणजे म्हैस. कमिटी म्हणाली, सुरुवात आपल्या दोन अक्षरांनी असेल त्यालाच वैरण. ताईंनी तशी ओळ कॉम्प्युटरात लिहून दिली. आणि काय झालं? ही मुक्ताक्का समोर बसलीय. हिच्या सासरी, आष्टीकडं, पाण्याचा थेंब न्हाई. तिकडचं आटलं की जनावरं सुनेच्या माहेरी आणून बांधायची, ही आपली रीत. हिनं म्हैस आणली. बिल्ला तिकडच्या संस्थेचा. कॉम्प्युटरनं लाल दाखवलं. म्हैस गेटाबाहेर.

ताई चेअरमन अण्णांकडं गेल्या. मी मागं होतो. अण्णा, चुकलो तर थांबवा.

"ही वैरण आपल्या गावची हाय, शोभा."

"मग मुक्ता कुण्या गावची हाय?"

"तिला दिली की आपण."

"दिली म्हंजे खोडली का, अण्णा?"

तुम्ही हसलात. म्हणालात, "कर बाई, तुला काय करायचं ते."

ताईंनी एकच ओळ बदलली. पहिली दोन अक्षरं कुठलीही असू देत, मधे आकडे, शेवटी ग किंवा म. एवढा नमुना जुळला की वैरण. बिल्ला म्हणून नुसता पत्र्याचा तुकडा लावून आणणारा तेवढा अडला. मुक्ताक्काची म्हैस आत आली.

ताई तापानं गेल्या. आणि लगेच कमिटीनं मला जुनी ओळ परत घालायला लावली. वैरण कमी पडतेय म्हणून. आज सकाळी म्हैस पुन्हा बाहेर. कमी पडतेय, खरं हाय अण्णा. पण मग समद्यांचीच पेंढी थोडी बारीक करा. एकटी मुक्ताक्काच का म्हणून? ताईंच्या फोटोला हार घालायचा आणि ताईंची ओळ पुसायची? हे कसं?

मी ती गुपचूप बदलू शकतो. बदलणार नाही. चोरून केलेलं ताईंना कधी चाललं नाही. तुम्ही समद्यांसमोर हो म्हणा, मी इथून उठून जातो आणि बदलतो.

अण्णा फोटोचा हार सरळ करतायत. बरं. करू द्या. आपण उभे राहू या. टोप्या काढा. ताईंसाठी थोडं गप्प राहू या. माझ्यासारख्यालाही जमेल तेवढं.

थांबा. गेटावर टेम्पो लागलाय. वॉचमन हात करतोय. काय? मोठ्यानं बोला की, आवाज इथवर येत न्हाई!

अण्णा, तुमची लेक संगीता आलीय सासरहून. दोन गाई घेऊन आलीय.