आजारापूर्वीची माहिती

—नाही, अक्षर माझंच आहे, ते कशाला नाकारू? सहीपण माझीच. आणि हा दुसरा फॉर्म भावोजींचा, तो तर न वाचता ओळखला — कागद फाटेस्तोवर पेन दाबून लिहिणारं आमच्या घरात दुसरं कोण आहे? म्हणजे एकाच माणसाचे दोन फॉर्म आले तुमच्याकडे आणि दोन्हींतला माणूस वेगळा, म्हणून मला एकटीला आत बोलावलंत, दार लोटून घेतलंत. बसते ना. या बाजूला बसते, म्हणजे काचेतून आमचे हे दिसतात. ते बघा, उभे आहेत ओट्यापाशी. समोर चहा करायची चित्रं लावलीत तुमच्या इथल्या शिकवणाऱ्या मुलीनं — भांडं, पाणी, मग गॅस. तिसऱ्या चित्राशी अडलेत. रोज तिथंच अडतात.

कळलं हो, कळलं. त्यांना पुढच्या मोठ्या केंद्रात तीन महिने पाठवायचं तर शिफारसपत्र तुम्ही लिहिणार, आणि त्यासाठी 'आजारापूर्वीची माहिती' खरी पाहिजे. माणसाला आधी काय येत होतं आणि डोक्याला मार लागून काय गेलं, हेच माहीत नसेल तर तिथले लोक शिकवणार काय, कपाळ? मी कुठं वाद घालतेय? पण ताई — वयानं तुम्ही माझ्या मुलीसारख्या, तरी ताईच म्हणते — हा फॉर्म मी कधी भरला ते बघा. ते बेशुद्धीतून उठून चौथा दिवस. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते, मांडीवर ही अठरा प्रश्नांची पानं, आणि तिथली नर्स म्हणाली, नीट आठवून लिहा हं काकू, जे पूर्वी होतं ते सगळं परत आणायचा प्रयत्न करतात तिथं. सगळं परत.

पहिलाच प्रश्न, रुग्ण घरात कोणती कामं करत असे. आता काय लिहू? भावोजींनी लिहिलंय तेच खरं — 'दादा इकडची काडी तिकडे करत नसे.' अभिमानानं लिहिलंय बरं का ते, तक्रार म्हणून नाही. मी म्हटलं, नाहीतरी घर पाडून पुन्हा बांधणारच आहेत, तर एखादी खिडकी जास्तीची पाडून घ्यावी. कुणाचं काय जातंय? म्हणून लिहिलं, सकाळचा चहा तेच करतात. एवढंच लिहिणार होते, देवाशपथ. पण एकदा पेन सुटलं ना — खोटं बोलावं पण रेटून. संध्याकाळी मला फिरायला नेतात. माझ्या गुडघ्याची रोज चौकशी करतात. 'समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतात का?' — नेहमी. तिथं मला माझंच हसू आलं, आणि ते आवरेना. शेजारच्या बाईला वाटलं रडतेय, तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

आता तुम्ही लगेच त्यांना राक्षस ठरवू नका. तुमच्या कपाळावर आठी आली म्हणून सांगते. दारू नाही, शिवी नाही, हात तर कधी उगारला नाही. बसडेपोत वेळापत्रकं लावायचे. शंभर गाड्यांची वेळ डोक्यात, आणि एकशे एकावी मी. सहा दहाला चहा, सव्वाआठला डबा, रात्री साडेसातला जेवण. तीन मिनिटं उशीर झाला की बोलायचे नाहीत, नुसतं मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. माझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रिसीव्हर धरून उभी, आणि हे विचारतात — किती वाजता? हो, हेच विचारलं. आणि मग पाच मिनिटांत गाडी ठरवून मला वेळेत पोचवलं, तेही खरं. ते नसते तर मला आईचं तोंड दिसलं नसतं. अशा माणसावर धड रागवताही येत नाही, हाच तर सगळा वैताग.

आणि पडले कुठं? उभ्या बसच्या पायरीवरून. चालत्यासुद्धा नाही.

तर तो फॉर्म इथं आला, आणि तुमची ती मुलगी, गुणाची पोर, तिनं तो शब्दन् शब्द खरा धरला. रोज त्यांना सांगते, काका, तुम्ही काकूंना रोज चहा करून द्यायचात, आठवतंय का? काका, काकूंचा गुडघा विचारलात का आज? त्यांच्या डोक्यातली गेली वीस-पंचवीस वर्षं तर पार विस्कटलेली, तेव्हा त्यांनाही ते खरंच वाटतं. पंधरा दिवसांपूर्वी मी भेटायला आले तर हे खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, गुडघा कसा आहे तुझा? एकतीस वर्षांत पहिल्यांदा. गंमत अशी की फॉर्मात मी घाईघाईनं डावा गुडघा लिहिला, दुखतो उजवा. ते डाव्याचीच चौकशी करतात. मीही सांगते, डाव्याला बराच आराम आहे.

हसा, हसा. मलाही त्या दिवशी घरी जाताना हसूच येत होतं. म्हटलं, करायला गेले एक आणि पदरात पडलं भलतंच चांगलं. दोन आठवडे मी नव्या नवरीसारखी येत होते इथं, केस नीट विंचरून. भावोजींना संशय आला आणि त्यांनी आपला फॉर्म भरून दिला, तो त्यावरूनच असणार.

नाही, ते मला माहीत नव्हतं. चहा जमत नाही म्हणून मेंदूची मोठी हानी धरलीत तुम्ही? अहो, त्या माणसानं जन्मात गॅस पेटवलेला नाही, तो काय विसरणार? आणि घड्याळाचं? अजून शिकवायला घेतलंच नाही? — असं. मी लिहिलंच नव्हतं ना घड्याळाचं. अठरा प्रश्नांत मी त्यांना कुठं घड्याळच घातलं नाही. मुद्दामच घातलं नाही, आता लपवून काय करू?

ऐका, काल काय झालं. काल दुपारी ते मनगट पुढे करून म्हणाले, हे काटे काय सांगतात ते मला कळत नाही गं, कुणाला सांगू नकोस. आणि माझा हात धरून म्हणाले — मी तुझं इतकं करायचो, सगळे सांगतात, आणि मला त्यातलं एक आठवत नाही, चहासुद्धा जमत नाही. मला माफ कर. रडत होते, ताई. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षांत पहिली माफी, आणि तीही न केलेल्या गुन्ह्याची. केलेले तसेच राहिले. नुसती थोपटत बसले, आणि मला स्वतःची लाज वाटली. मला बरा नवरा हवा म्हणून मी त्या माणसाला रोज नापास करतेय.

नाही, पाणी नको. भावोजींचाच फॉर्म लावा पत्राला. माझा फाडा, नाहीतर द्या इकडे, मीच फाडते. आणि तो शेवटचा रकाना — 'काय परत यावं असं कुटुंबाला वाटतं' — तो भावोजींनी मोकळा सोडलाय, तो मी भरते. नाही, तुम्हीच लिहा, माझ्या अक्षरावर आता कोण विश्वास ठेवणार? लिहा, घड्याळ. वेळ बघता यावी, वेळापत्रक लावता यावं, गाडी चुकली तर चिडता यावं. हो, चिडता यावं, असंच लिहा. विचार केलाय मी. माझं मी बघून घेईन, मला सवय आहे.

सही इथं ना? घ्या. आणि हा कागद आज त्या मुलीला दाखवू नका. उद्यापासून काय करायचं ते करा. त्यांनी गॅस पेटवलाय बघा, एकट्यानं. तुम्ही जा आता तुमच्या कामाला. मी बसते इथं, चहा होईपर्यंत.