पाणकावळे : शून्य

पुसणारा : तुमच्या खात्यानं हजारभर पाणकावळे गिळले, साहेब. वर ढेकरही दिली नाही.

साहेब : आधी बसा. आपण कोण?

पुसणारा : समुद्रात ती तरंगती सौर पॅनलं टाकलीत ना, ती पुसतो. चार वर्षं. सोमवारपासून येऊ नकोस, कंपनीवाले म्हणाले. कारण तुमचा अहवाल, पान बारा. पाणकावळे : शून्य. पक्षी नाहीत म्हणजे विष्ठा नाही, विष्ठा नाही तर पुसणारा कशाला?

साहेब : तर्क बरोबर आहे.

बायको : तर्काला काय झालंय? ह्यांचा सदरा बघा. चार वर्षं घासतेय, डाग हलत नाही.

साहेब : बाई, आमचे मोजणीदार दर तीन महिन्यांनी होडीतून जातात. नऊ ते अकरा. एक पक्षी दिसला नाही.

पुसणारा : दिसेल कसा? आदल्या दिवशी कंपनीचा माणूस सांगतो, उद्या पाहुणे आहेत. मग मी सकाळी सहापासून भोंगा वाजवतो. पाहुण्यांची पाठ वळली की सगळे परत.

साहेब : म्हणजे पक्षी तुम्हीच हाकलले.

पुसणारा : होय.

साहेब : मग आम्ही कसे गिळले?

बायको : ह्यांनी वाढले, तुम्ही गिळले.

साहेब : पण पक्षी तिथं येतीलच का? सागरी जीवनावर परिणाम नाही, असं स्पष्ट लिहिलंय.

पुसणारा : पॅनलखाली सावली पडते. सावलीला बारीक मासळी जमते. मासळीमागे पाणकावळे. पोट भरलं की पंख वाळवायला माझी पॅनलं. आणि तळाला उजेडच नाही. पूर्वी तिथं कमरेएवढं गवत होतं, खेकडे असायचे. आता नांगर वर ओढला की काळा चिखल, सडक्या अंड्यासारखा वास. हे कोणत्या पानावर आहे?

साहेब : गवताला रकाना नाही.

बायको : आणि मासळीला? माझे दीर बाहेर जाळं टाकून बसतात, वर येते ती प्लास्टिकची चप्पल. मासळी सगळी आत, सावलीला. आत होडी न्यायला बंदी. मग ती खातं कोण? पाणकावळे. आणि ते तर शून्य.

साहेब : हे बघा, सोपं आहे. पुढच्या मोजणीला भोंगा वाजवू नका.

पुसणारा : सोमवारनंतर मी असणारच नाही.

साहेब : उत्तम. मग पक्षी दिसतील, अहवालात येतील आणि कंपनीला पुसणारा नेमावा लागेल.

बायको : जाहिरातीत लिहितील, भोंगा वाजवण्याचा अनुभव हवा.

(पुसणारा टेबलावर एक गच्च बांधलेली पिशवी ठेवतो.)

साहेब : हे काय?

पुसणारा : आज सकाळची. एकाच पॅनलवरून खरवडली.

साहेब : उचला ती. वास येतोय.

बायको : शून्याला वास नसतो, साहेब.

साहेब : कागदपत्रं खाली आवक विभागात द्यायची असतात.

पुसणारा : दिली. त्यांनी वर न बघताच शिक्का मारला. हा बघा, पिशवीवर. आवक क्रमांक आहे, आजची तारीख आहे. आता उत्तर लेखी द्या. पान बारावर पक्षी नाहीत, तर हे केलं कुणी?