धुऊन बगितलेला टॉवेल

माझं माहेर नातेपुत्याच्या अंगाला. रानात वस्ती, वडील बाजारात भाजी घेऊन बसायचे आन् मी त्येंच्या शेजारी पोत्यावर. स्थळ आलं तवा वडिलांनी एवढंच इचारलं, पोरगा काय करतोय, तर मधल्यानं सांगितलं, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर हाय. वडील म्हनले, मग बरं हाय, लोकं काय अंग पुसायचं बंद करनार न्हाईत. आमाला लई हसू आलं हुतं. तुमी लिवून घेताय म्हनून सांगते ताई, पुसायचं कुनी बंद केलं न्हाय की, पन टॉवेल आमचाच घ्यायचा असं कुटं ठरलंय.

आमचे मालक, म्हंजे नवरा माझा, त्येंना मागाशिवाय दुसरं काय दिसत न्हाय. त्या आवाजानं कान गेल्यात, घरात बी वरडून बोलत्यात, शेजारनीला वाटतं आमची भांडनं चालल्यात, आन् कवाकवा चाललेली असत्यात बी. कुनाच्या लग्नाला गेलो तर आहेरातला टॉवेल आदी उलगडून बगनार, कड चाचपनार आन् चारचौघांत सांगनार, हा आमच्या हातचा न्हाय. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोरं जरा हाताबुडी आल्यावर मी बी त्याच कारखान्यात शिलाईला लागले. मागावरच्या मानसांनी विनलेल्या टॉवेलाच्या कडा मारायच्या, लेबल लावायचं, सुटलेलं धागं कापायचं. सगळा माल भाईरच्या देशात जायाचा.

आता दोनेक वर्सं झाली असतील, शिलाईच्या दाराशी टेम्पो लागला आन् गठ्ठे उतरले. फोडले तर तयार टॉवेल, कड मारलेला, लेबल लावलेला, आन् लेबल कुटल्या तरी परमुलखातलं. सुपरवायझर म्हनले, ब्लेडनं ते हळू उसवा आन् आपलं लावा. मी म्हनलं, सायेब, आपले माग काय मेले व्हय, दुसऱ्याचा माल कशाला आनायचा. मानूस भला, त्येनी खरं ते सांगितलं. गिऱ्हाईक म्हनतंय ह्या भावात द्या न्हायतर आमी सरळ तिकडनं घेतो, आन् त्या भावात आपल्याला नुसतं सूत बी येत न्हाय बाई. भाईर कुटं बोलू नका म्हनले. मी घरी गेले आन् पयलं तेच सांगितलं.

मालक हसले. म्हनले, स्वस्तातल्या मालाचं काय खरं न्हाय, पाच-सात धुन्यात चिंध्या हुतील त्येच्या, आन् गिऱ्हाईक आपल्या पायानं माघारी येईल बग. एक टॉवेल आन जा, दाखवतो तुला. मग मी सुपरवायझरकडनं एक डाग पडलेला मागून आनला. तवापासनं ह्या मानसाचं एकच, कामावरनं आलं की टॉवेल धुयाचा. सोडा घालून उकळायचा, दगडावर आपटायचा, पिळून तारंवर टाकायचा, परत दुसऱ्या दिवशी तेच. आमच्याकडं नळ कवा येतोय कवा न्हाय, पिपातलं पानी मी पुरवून पुरवून वापरती, आन् हे त्या टॉवेलाला न्हाऊ घालत्यात. पोटच्या पोरांना कवा घातलं न्हाय. मी लई बोलले. ते म्हनले, अगं हा सुटला की आपली आर्डर परत आली, जरा दम धर की.

मागावरच्या मानसांत बी गोष्ट पसरली. आयतवारी दोघं-चौघं यायची, आजाऱ्याला बगाय येत्यात तशी, फक्त हा आजारी लवकर जावा असं हितं सगळ्यांना वाटायचं. उजेडात धरायची, नखानं धागा वढून बगायची, म्हनायची, सुटंल, अजून सुटंल. आमच्या शेजारचे अण्णा, तेलुगू मानूस, कारखान्यात सगळ्यांत जुने. त्येनी टॉवेल हातात घेतला, कड चाचपली, परत चाचपली, आन् टॉवेल माझ्या हातात देऊन म्हनले, चा ठेव गं. मी काय ते समजले.

कारन तो सुटत नव्हता वो. उलट धुईल तसा मऊ पडत चालला, डाग बी गेला. आन् हिकडं मागाची एक रांग बंद झाली, मग दुसरी झाली, वरनं प्लास्टिक टाकलं. मालकांच्या पाळ्या कमी झाल्या. आमच्या शिलाईला मात्र उसंत न्हाय, जादा थांबा, आयतवारी बी या. मालक घरी बसलेले आन् मी डबा घेऊन निगायची, खरं सांगते, पाय उचलायचा न्हाय माझा. पन चूल त्येच्यावरच पेटत हुती, न जाऊन करू काय.

परवा नवा गठ्ठा फोडला. ब्लेड घेतलं, लेबल उलटं केलं, तर आमचंच. आमच्या कारखान्याचं नाव, तिकडनंच लावून आलेलं, शिलाई एकदम सरळ. दुसरा बगितला, तिसरा बगितला, सगळे तसलेच. सुपरवायझरकडं बगितलं तर ते फोन कानाला लावून भाईर गेले. मग आमी बाया नुसता टॉवेल उलगडत हुतो, बगत हुतो आन् परत घडी घालत हुतो. उसवायला बी काय ऱ्हायलं नव्हतं आन् लावायला बी. मला भ्या वाटलं ताई. घडी काय, ती बी तिकडं घालत्यातच की.

घरी आले, म्हनलं आता ह्येंना सांगावं. तर मालक न्हानीतनं तोंड धुऊन आले हुते आन् तारंवरचा तो टॉवेल घेऊन तोंड पुसत हुते. एवढे दिस धुतला, पन अंगाला कवा लावला नव्हता त्येनी. मान पुसली, हात पुसले, आन् माझ्याकडं न बगता म्हनले, चांगला हाय गं. मग नीट झटकून परत तारंवर टाकला.

लेबलाचं मी अजून सांगितलं न्हाय त्येंना. तुमी लिवताय ते लिवा ताई, तुमच्या लेकरांच्या हाताला काम ऱ्हाऊ दे. सकाळी मी डबा भरते, ते दारातनं म्हनत्यात, जा, उशीर करू नको, तुझं तरी चाललंय. मी व्हय म्हनते आन् निगते.