काजळीच्या गळ्यातलं दावं

ऐका. शेकोटीला सरकून बसा, आन् मधी कुनी बोलू नका. माझा चुलतभाव धुळा, त्याची ही गोष्ट हाय.

धुळा रातचा वाड्यावरनं निघाला. वाडा म्हंजे घर न्हवं बरं का, मेंढरांचा तळ. भवतीनं जाळी, मेंढरं आत, मानसं भायेर उघड्यावर. रात काळीकुट्ट. हातात बॅटरी न्हाई, उपरन्यात अर्धी भाकरी बांधलेली. निघाला कुठं? तर काजळीला भेटायला. काजळी त्याची कुत्री. आन् तिला मरून चार दिस झालेले!

मेली कशी, ते ऐका. ज्याच्या रानात तळ व्हता तो मालक म्हनला, तुमची कुत्री मानसांवर धावती, बांधून ठेवा. धुळानं तिला दाव्यानं खुट्याला बांधली. सात वर्सांत पयल्यांदा. त्याच राती लांडगं आलं. किती झटली असंल ती! धुळा काठी घेऊन पळत आला, तवर सारं आटपलेलं. तिच्या भुंकन्यानं मेंढरं वाचली, ती गेली.

आमच्यात रीत हाय. राखनीचं कुत्रं पुरलं की दुसऱ्या दिशी तळ उठवायचा, आन् परत त्या जागी फिरकायचं न्हाई. तळ उठला. धुळाबी चालला. रडला न्हाई, धड जेवला न्हाई. बायको, हौसा, काजळीचं नाव काढाया गेली की हा उठून जायाचा. आपल्यातली अर्धी भाकरी मातुर रोज बाजूला काढायचा. चौथ्या राती हौसाचा डोळा लागला तसा जुन्या तळाकडं, काजळीला पुरलं व्हतं तिकडं निघाला. जवळ पडती म्हनून दगडाच्या खानीची वाट धरली.

खान जवळ आली, आन् मागनं आवाज. मुरमावरनं दावं घासटल्याचा. सर्र... सर्र... हा थांबला की आवाज थांबायचा. हा चालला की चालू. मग आवाज म्होरं गेला. मग कन्हनं. पिल्लू असल्यापास्नं ऐकलेलं, वळखीचं कन्हनं.

आन् दिसली! काजळीच. गळ्यात तेच दावं, टोक मागं लोळतंय. मान वळवून बघती, आन् चालती. धुळाला भ्या वाटलं न्हाई बाबांनो. तेच तर वाईट. त्याला बरं वाटलं. येवढं दावं सोडू द्या, मग माझं काय व्हायचं ते होऊ द्या, असं झालं त्याला. वाकला, की दावं हातभर म्होरं. दोन पावलं टाकली, परत हातभर म्होरं. आन् मग ती मानसागत बोलली.

"सोड की मला."

धुळानं पाय उचलला. उचलला तो तसाच ऱ्हायला. का, ते ऐका. मेंढरू कड्याच्या अंगाला गेलं की धनगराची कुत्री आडवी येती. काजळीनं जन्मभर तेच केलं. ही आडवी येत न्हवती. ही बोलवत व्हती. धुळानं पायानं एक खडा ढकलला. आवाजच न्हाई. लई येळानं खाली पान्यात डुबुक.

तो तिथंच बसला. तसं ते रडाया लागलं. मरताना काजळी रडली असंल तसं, रातभर. जावंसं वाटू नये म्हनून धुळानं दोन्ही हातांनी मुरूम धरून ठेवला. नखं रगताळली.

"मीच बांधलं गं तुला," म्हनला. "माझं चुकलं."

चार दिसांचं रडू तवा भायेर पडलं.

पहाटं हौसा हुडकत आली. त्याच्याम्होरं वीतभर जमीन, पल्याड खान. तिनं त्याला वढलं न्हाई. शेजारी बसली, आन् काजळीचं नाव घेऊन तीबी रडली. उजाडेस्तवर दोघं काजळीचंच बोलत बसली. मग ऊन अंगावर आलं तशी उठून तळावर आली.

तर राती त्या खानीच्या वाटंनं पाय टाकू नका. कुनी वळखीच्या आवाजात बोलवलं तरी न्हाई.

आन् अजून एक. कुनाचं जनावर गेलं तर त्याला, कुत्रंच व्हतं, दुसरं आन, असं म्हनू नका. ज्या राती तो निघाला, त्याच सांजंला धुळा माझ्यापाशी येऊन बसला व्हता. काईतरी सांगायचं व्हतं त्याला. मी तसं म्हनलो, आन् तो गप उठून गेला.