सत्तावीस गोळ्या

डॉक्टर : नक्की सत्तावीस, आबा?

गेणबा : व्हय मॅडम. बायकूच्या फिटच्या गोळ्या, तुमीच दिल्याल्या. उशाशी पाकिटाचं रिकामं तुकडं घावलं, कात्रीनं कापल्यालं. सुनंनं मोजलं.

डॉक्टर : एकदम घेतल्या?

गेणबा : काल दसऱ्याला जेवल्यावर घेतल्या असत्याल. पुरणाची पोळी मागून घिऊन खाल्ली वो तिनं! मरायला निघाल्यालं मानूस पोळी मागून खातंय व्हय? मला तर कायच कळंना.

डॉक्टर : पोलिसांना कळवावं लागलंय. तसा नियम आहे.

गेणबा : कळवा. मला धरून न्हेलं तरी चालंल. ठमा जगंल का, त्येवढं सांगा.

डॉक्टर : श्वास नीट चाललाय. हृदयावर मशीनची नजर आहे. पण शुद्ध नाही. दोन दिवस काहीच सांगता येणार नाही.

गेणबा : मग उतारा द्या की. फवारणीच्या इखावर सुदिक उतारा असतोय.

डॉक्टर : ह्याला उतारा नाही, आबा. नाकातून नळी घालून कोळशाची पूड दिलीय. पोटात उरलेलं औषध ती धरून ठेवते. बाकीचं रक्तातून हळूहळू उतरेल.

गेणबा : कोळसा? कळस गावावरनं बारामतीला आणली ती कोळसा पाजायला?

डॉक्टर : तोच कामाचा आहे. आबा, खरं सांगा. घरात काही झालं होतं?

गेणबा : न्हाय... झालं व्हतं. आठव्या माळंला चुलीम्होरं फिट यिऊन पडली. वर्सातनं पैल्यांदाच. मी घाबरलो आन तोंडातनं गेलं, ‘कटाळलो बाई तुझ्या फिटांना.’ त्येवढंच. लई वंगाळ बोललो.

डॉक्टर : पण गोळ्या चालू असताना फिट आली कशी?

गेणबा : त्येच तर. एक बी चुकवत न्हाय ती.

(तिसऱ्या दिवशी दुपारी. ठमाबाई शुद्धीवर आल्या आहेत.)

ठमाबाई : ह्ये छत का फिरतंय वो?

डॉक्टर : औषध जास्त झालं, मावशी. थांबेल हळूहळू. एवढ्या गोळ्या का घेतल्या? जिवाला कंटाळलात का?

ठमाबाई : अगं बया! मी कशाला कटाळू? ऱ्हायल्याल्या घेतल्या.

डॉक्टर : राहिलेल्या?

ठमाबाई : नऊ दिस घटाचा उपास. तुमीच म्हणला व्हता, जेवल्याबिगर गोळी घ्यायची न्हाय. मग रोजच्या तीन कापून घटाम्होरं ठिवल्या. दसऱ्याला उपास सुटला, जेवले, समद्या घेतल्या. एक बी बुडवायची न्हाय, ह्ये बी तुमीच म्हणला व्हता.

डॉक्टर : ...हो. दोन्ही मीच म्हणाले होते. चुकलेल्या साठवून घ्यायच्या नसतात, एवढं सांगायचं राहिलं. चूक माझी, मावशी.

गेणबा : म्हंजी माझ्या बोलण्यानं न्हाय? तीन दिस मी हितं जळतोय, ठमे.

ठमाबाई : तुमच्याच बोलण्यानं.

गेणबा : आं?

ठमाबाई : शेवटच्या आठ-धा घशाखाली उतरंनात. पण तुमी कटाळला म्हणला नव्हं, म्हणून समद्या गिळल्या. म्हणलं, परत फिट यायला नगं.