बंगल्याच्या पाटीवरचं शेवटचं नाव

आपल्या जालन्यातल्या त्या इंग्रजाच्या बंगल्यावर पाटी लागली, त्याचं सांगितलं का न्हाई तुम्हाला? तिथं राहून गेलेल्या मोठ्या माणसांची यादी करायचं काम माझ्याकडं आल्तं. एक कॅप्टन आठ महिने राह्यलेला, एक डॉक्टर दोन वर्षं.

चौकीदार सोनाजीमामा म्हणले, "गुरुजी, मी मागच्या खोलीत बत्तीस वर्षं झाले राहून राह्यलो. माझं बी टाका."

मी पाटी लावणाऱ्या खात्याच्या साहेबाला विचारलं. फाइलीतून मान वर न करता साहेब म्हणले, "चौकीदार जिवंत आहे ना? मग नाही. पाटी फक्त होऊन गेलेल्यांची."

उद्घाटनाला पडदा सरकला, तर सगळ्यात खाली 'कै. सोनाजी किसनराव'.

मी मामाला बाजूला घेतलं. "हे काय केलं?"

"नियमात बसवलं. आज ना उद्या लागणारच हाय, दुसऱ्यांदा पेंटरचा खर्चा कशाला?"

साहेबाला चौकीदाराचं नाव कधी माहीतच नव्हतं. त्यांनी पाटीला हात जोडले अन् म्हणले, "सोनाजीराव म्हणजे फार मोठा माणूस होता."

मामानं चहाचा ट्रे पुढं केला. "व्हय साहेब. लई मोठा व्हता."